चार उरलेल्या सिरिंज: स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरची प्रतिबंधक औषधं आणि सत्तरी तालुक्यातला एक रुग्ण

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात काका तपासणीला आले, तेव्हा त्यांच्या सुनेने माझ्या टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला. घरात लाडू ठेवायला असतो तसला, झाकणावर नाव कोरलेला. आत एनॉक्सापॅरिनच्या, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या इंजेक्शनच्या, चार सिरिंज होत्या, वेष्टन न फोडलेल्या. "ह्या उरल्या डॉक्टर. कोणाला उपयोगी पडत असतील तर ठेवून घ्या," ती म्हणाली. त्या चार का उरल्या हे मला ठाऊक होतं. त्यात आमची चूक किती आणि घरच्यांचा शहाणपणा किती, हे नीट लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात होतं. रुग्णाची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कावीळ

काकांचं वय ६१, राहणार गोव्यातला सत्तरी तालुका. स्वतःचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, वर थोडी काजूची. आठ वर्षांपासून मधुमेह, गोळ्यांवर. एप्रिलमध्ये काजूचा हंगाम भरात असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, शौचाचा रंग मातकट पांढरा झाला आणि अंगाला इतकी खाज सुटली की रात्र रात्र झोप नाही. पोटात मात्र काहीच दुखत नव्हतं. कावीळ म्हटली की आपल्याकडे पहिली वाट झाडपाल्याच्या औषधाची. तीन आठवडे तेच चाललं, जोडीला बिनतेलाचं पथ्य.

त्यासाठी मी त्यांना बोल लावला नाही. विषाणूमुळे होणारी साधी कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते आणि श्रेय औषधाला मिळतं, म्हणून गावोगाव हा विश्वास टिकून आहे. पण पन्नाशीनंतर आलेली, न दुखणारी, रोज वाढत जाणारी आणि पांढऱ्या शौचाची कावीळ वेगळी असते. तिथे पित्ताची वाट कुठेतरी अडलेली असते. मे महिन्यात थंडी वाजून ताप भरला, तेव्हा वेर्ण्याच्या कारखान्यात काम करणारा मुलगा रात्रपाळी सोडून त्यांना घेऊन आला.

रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, १८.४. सीटी स्कॅनमध्ये, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात, त्या मुखाशीच गाठ. यकृतात किंवा दूरवर काही पसरलेलं नाही. गाठ काढता येण्यासारखी होती.

तुंबलेलं पित्त आणि त्याची किंमत

अशा रुग्णात शस्त्रक्रियेआधी पित्ताची वाट मोकळी करायला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकावा की थेट शस्त्रक्रिया करावी, हा जुना वाद आहे. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी त्याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर दिलं. बिलिरुबिन साधारण २.३ ते १४.६ च्या दरम्यान असलेल्या रुग्णांत, थेट शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. आधी स्टेंट टाकून थांबलेल्यांत हेच प्रमाण ७४ टक्के निघालं. कावीळ उतरवून मगच ऑपरेशन, हे ऐकायला बरं वाटतं, पण स्टेंट ही आतड्यातल्या जंतूंना पित्तात चढायला मिळालेली शिडी असते.

आमच्याकडे निवड नव्हती. बिलिरुबिन त्या मर्यादेच्या वर होतं, आणि ताप व थंडी म्हणजे अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला होता. तो जिवावर बेततो. दुर्बिणीतून स्टेंट टाकला, गढूळ पित्त भरभरून बाहेर आलं, दोन दिवसांत ताप उतरला. त्या वेळी घेतलेल्या पित्ताच्या नमुन्यात क्लेब्सिएला आणि एन्टेरोकॉकस असे दोन जंतू वाढले. तो अहवाल मी फाइलच्या पहिल्या पानावर टाचून ठेवायला सांगितला. पुढची सगळी प्रतिबंधक औषधं ठरवताना त्या एका कागदाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही महागड्या तपासणीचा झाला नाही.

महिनाभरात बिलिरुबिन २.६ वर आलं. जून उजाडला, पाऊस सुरू झाला, आणि काका ऑपरेशनला दाखल झाले.

नाजूक जोड

काकांवर करायच्या व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा टोकाकडचा भाग काढतात आणि मग तीन जोड करतात. बर्लिनच्या वॉल्टर काउश यांनी १९०९ मध्ये असं ऑपरेशन दोन टप्प्यांत केलं होतं. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये आपले रुग्ण प्रसिद्ध केले आणि नाव त्यांचं लागलं. इतक्या वर्षांत ऑपरेशनमधला मृत्यू खूप कमी झाला, पण एक दुखणं राहिलंच. उरलेलं स्वादुपिंड आणि आतडं यांच्यातला जोड गळतो.

गळतो म्हणजे काय, ते घरच्यांना सांगताना मी असं सांगतो: स्वादुपिंडाचा रस अन्न पचवतो, आणि तो जोडातून पोटात सांडला तर आजूबाजूचं मांसही पचवायला लागतो. शेजारी बांधलेली धमनी त्यात भिजत राहिली तर तिची भिंत विरते आणि एखाद्या रात्री फुटते. रसात जंतू मिसळले तर पू होतो.

गळती कोणाला होणार याचा अंदाज ऑपरेशनच्या टेबलावरच बांधता येतो. २०१३ मध्ये मांडलेली दहा गुणांची पद्धत आम्ही वापरतो. काकांचं स्वादुपिंड मऊ होतं, त्याचे दोन गुण. गाठ स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगाची नव्हती, त्याचा एक. नळी तीन मिलिमीटर, त्याचे दोन. रक्तस्राव ४५० मिलिलिटर, त्याचा एक. एकूण सहा, म्हणजे मध्यम धोक्याच्या पार वरच्या टोकाला.

या आकड्यांच्या मागे बोटांना जे कळतं ते सांगितलं पाहिजे. दाह होऊन घट्ट झालेल्या स्वादुपिंडात टाका बसतो, धरतो. मऊ स्वादुपिंडात टाका घालणं म्हणजे खरवसाला टाका घालणं. सुई सहज जाते, धागा ओढला की चीर पडते. प्रत्येक गाठ आवळताना माझा श्वास रोखलेला असतो, हे अनेक वर्षांनंतरही बदललेलं नाही. त्या दिवशी शेवटचा टाका बसला तेव्हा जोड कोरडा दिसत होता. पण कोरडा दिसणारा जोड तिसऱ्या दिवशी कसा असेल, ते कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून औषधं.

कोणतं द्यायचं, कोणतं नाही

पहिलं अँटिबायोटिक, कारण माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त काम त्याने केलं. पोटाच्या ऑपरेशनआधी सेफॅलोस्पोरिन गटातलं औषध द्यायची सवय सगळीकडे आहे. पण एन्टेरोकॉकस हा जंतू या गटातल्या औषधांना मुळातच दाद देत नाही, आणि स्टेंट टाकलेल्या पित्तात तो हमखास सापडणाऱ्यांपैकी एक. २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २६ रुग्णालयांनी मिळून केलेला ७७८ रुग्णांचा अभ्यास आला. अर्ध्या रुग्णांना याच गटातलं नेहमीचं सेफॉक्सिटिन, अर्ध्यांना पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम. जखमेचा आणि पोटातला संसर्ग ३२.८ टक्क्यांवरून १९.८ टक्क्यांवर आला. स्वादुपिंडाची त्रासदायक गळतीसुद्धा १९ टक्क्यांवरून १२.७ टक्के झाली. अँटिबायोटिक बदलून गळती कमी व्हावी हे मला पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटलं होतं. विचार केल्यावर पटलं. जोडाभोवती जंतू नसतील, तर बारीकशी गळती आपली आपण बुजते.

आमच्याकडे तर पित्ताचा अहवालच समोर होता आणि दोन्ही जंतू या औषधाला दबणारे होते. चीर देण्याआधी अर्ध्या तासात पहिला डोस, मग दर दोन तासांनी पुन्हा. ऑपरेशन साडेसहा तास चाललं, एकूण चार डोस झाले. हे दोन तासांचं घड्याळ सांभाळणं भूलतज्ज्ञांच्या हातात असतं आणि त्यांचं नाव कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये दुसरा डोस विसरला जाणं ही मी अनेकदा पाहिलेली गोष्ट आहे.

चोवीस तासांनी ते बंद केलं. आमच्या तरुण डॉक्टरला ते रुचलं नाही. "सर, स्टेंटचा पेशंट, मऊ स्वादुपिंड, पाच दिवस तरी चालू ठेवूया." त्याची काळजी खरी होती. पण प्रतिबंधासाठी दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशनच्या वेळी रक्तात भरपूर असलं की त्याचं काम झालं. त्यानंतर ते आतड्यातले साधे जंतू मारतं आणि चिवट जंतूंना जागा करून देतं. आपल्या वॉर्डांत चिवट जंतूंची कमी नाही. ताप आला, पेशी वाढल्या तर उपचार म्हणून पुन्हा सुरू करू, असं ठरलं. तशी वेळ आली नाही.

दुसरा प्रश्न स्वादुपिंडाला गप्प बसवणाऱ्या औषधाचा. आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं संप्रेरक आहे. १९७३ मध्ये रॉजर गिलेमिन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत ते वेगळं केलं गेलं. मेंदूतल्या संप्रेरकांवरच्या कामासाठी गिलेमिन १९७७ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. हे संप्रेरक पचनाचे रस कमी करतं, पण रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. ऑक्ट्रिओटाइड हा त्याचाच टिकाऊ भाऊबंद, दीडेक तास अर्धा उरतो, म्हणून दिवसातून तीनदा त्वचेखाली देता येतो.

कल्पना इतकी सरळ आहे की औषध लागू पडायलाच हवं असं वाटतं. १९९२ मध्ये युरोपातल्या २४६ रुग्णांच्या चाचणीत गुंतागुंत ५५ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आली. २००० साली जॉन्स हॉपकिन्समध्ये २११ रुग्णांवर तेच करून पाहिलं, तर गळती औषधाविना ९ टक्के आणि औषध देऊन ११ टक्के. फायदा शून्य. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं की गुंतागुंत थोडी कमी होते, मृत्यू कमी होत नाहीत. त्यानंतर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधून पॅसिरिओटाइड या नव्या औषधाचा ३०० रुग्णांचा अभ्यास आला. गंभीर गळती किंवा पू २१ टक्क्यांवरून ९ टक्के. मात्र ते अतिशय महाग, मळमळ-उलटी भरपूर, आणि इतर ठिकाणी तेवढाच फायदा दिसला असंही नाही.

काकांच्या मुलाने मोबाइलवर शोधून हे नाव आणलं होतं. "जमीन विकावी लागली तरी चालेल," असं तो म्हणाला. मी त्याला बसवून सांगितलं, की गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार माणसांच्या किंवा त्याहून मोठ्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांचं संरक्षण आहे. त्यातला प्रत्येक रुपया मला ऑपरेशननंतरच्या अडचणींसाठी राखून ठेवायचा आहे, आणि या औषधासाठी कुळागर विकायला लावण्याइतका भरवसा माझ्याकडे नाही. तो गप्प राहिला. पटलं की नाही, कळलं नाही.

तिसरा पर्याय हायड्रोकॉर्टिसोन. फिनलंडमधल्या टँपेरेच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये, कापलेल्या कडेत रस तयार करणाऱ्या पेशी ४० टक्क्यांहून जास्त असलेले ६२ रुग्ण निवडून त्यांच्यावर चाचणी केली. मोठी गुंतागुंत ४१ टक्क्यांऐवजी १८ टक्के झाली. विचार असा, की ऑपरेशनमुळे उरलेल्या स्वादुपिंडाला दाह होतो आणि गळती तिथून सुरू होते. स्वस्त औषध, प्रत्येक रुग्णालयात असलेलं. मला तो विचार आवडतो. पण चाचणी लहान, आणि काका आठ वर्षांचे मधुमेही. स्टेरॉइडने साखर चढली तर जखम भरणं मागे पडतं आणि संसर्ग वाढतो. ते दिलं नाही.

शेवटी ऑक्ट्रिओटाइड दिलं: १०० मायक्रोग्रॅम, दर आठ तासांनी, सात दिवस. मऊ स्वादुपिंड आणि बारीक नळी असेल तरच आम्ही ते देतो, सरसकट नाही. हा निर्णय पुराव्याच्या काठावरचा आहे, हे कुटुंबालाही सांगितलं होतं. त्या सात दिवसांत साखर वर-खाली होत राहिली आणि इन्सुलिनसाठी दर चार तासांनी बोट टोचावं लागलं. या औषधाची ही बाजू फारशी बोलली जात नाही, पण सिस्टर ती जाणतात.

दिलं, तरीही गळलं

पहिल्या दिवशी ड्रेनच्या, म्हणजे जोडापाशी ठेवून पोटाबाहेर काढलेल्या नळीच्या, पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम) ४८००. तिसऱ्या दिवशी ३९००. आमच्या प्रयोगशाळेत रक्तातली वरची मर्यादा ११०, आणि तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमध्ये तिच्या तिपटीहून जास्त आलं तर स्वादुपिंडाचा रस बाहेर येतो आहे असं धरतात. म्हणजे आमच्या हिशेबात ३३०. शंकेला जागाच नव्हती.

ड्रेनच्या पिशवीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं, किंचित करडं. रोज शंभर-सव्वाशे मिलिलिटर. पण ताप नाही, पोट मऊ, पांढऱ्या पेशी जागच्या जागी. पाचव्या दिवशी काका पेज जेवले. ऑपरेशनच्या वेळी पाठवलेल्या पित्तात पुन्हा क्लेब्सिएला वाढला, तरी जखम स्वच्छ राहिली. २०१६ च्या सुधारित व्याख्येप्रमाणे याला खरी गळती म्हणतच नाहीत, 'बायोकेमिकल लीक' म्हणतात, कारण रुग्णाला त्याचा त्रास नाही. रोज सकाळी ती पिशवी उजेडाकडे धरून बघणाऱ्या माणसाला मात्र व्याख्येने फार धीर येत नाही.

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. तरी माझा अंदाज सांगतो. ऑक्ट्रिओटाइडने गळती अडली नाही, कदाचित थोडी कमी झाली असेल. पण सांडलेला रस जंतूंविना राहिला, म्हणून पू झाला नाही, पुन्हा पोट उघडावं लागलं नाही. ते श्रेय मी वेळेवर दिलेल्या चार डोसना देतो.

दहाव्या दिवशी, ड्रेन तसाच ठेवून, काका घरी गेले.

घरी

कर्करोगाचं मोठं पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका घरी गेल्यावरही संपत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एनॉक्सापॅरिन आठवडाभर आणि चार आठवडे दिलेले असे दोन गट तपासले. गुठळ्या पहिल्यात १२ टक्के, दुसऱ्यात ४.८ टक्के. तेव्हापासून २८ दिवस हा नियम झाला. काकांना पहिल्या दिवसापासून ४० मिलिग्रॅम रोज संध्याकाळी सात वाजता मिळत होतं. दहाव्या दिवसाचं इंजेक्शन वॉर्डातच झालं आणि सोबत अठरा सिरिंज दिल्या.

डिस्चार्ज कार्डावर ते इंग्रजीत एका ओळीत लिहिलं होतं. घाईत मुलाला एकदा टोचून दाखवलं आणि तोंडी सांगितलं, "रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन आहे, २८ दिवस चुकवू नका." आमची चूक ती इथे.

मुलगा रात्रपाळीला जायचा. म्हणून गावातल्या एक निवृत्त नर्सबाई यायच्या. सून रोज सकाळी ड्रेनच्या पाण्याचं माप कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात लिहायची: ६०, ५५, ५०. अकरावा, बारावा दिवस ठीक गेला. तेराव्या दिवशी दुपारी पाणी गुलाबी झालं. सुनेने चौकोनात ५० लिहून शेजारी 'लाल' असं लिहिलं. संध्याकाळी सिरिंज हातात घेताना तिला आमचेच शब्द आठवले. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन, आणि नळीतून रक्त येतंय. तिने इंजेक्शन देऊ दिलं नाही.

मी हे कितीदा तरी मनात फिरवलं आहे. तिने जे केलं ते बरोबर होतं. स्वादुपिंडाचा रस गळत असलेल्या रुग्णाच्या ड्रेनमध्ये दुसऱ्या आठवड्यात लाली दिसणं, ही धमनी फुटण्याआधीची सूचना असू शकते. मोठा रक्तस्राव काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत येतो, आणि त्या वेळी एनॉक्सापॅरिन अंगात असणं धोक्याचं. कोणीही न शिकवता तिने बरोबर निर्णय घेतला. तिने फक्त कोणाला कळवलं नाही, कारण लाल रंग दिसला तर त्याच तासाला फोन करायचा, हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. कार्डावर ओपीडीचा नंबर होता, दुपारी एकनंतर कोणी न उचलणारा.

सोळाव्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टरनी नेहमीच्या चौकशीचा फोन लावला, तेव्हा हे कळलं. तिने बोलता बोलता विचारलं, "सिरिंज किती उरल्या?" उत्तर आलं, सोळा. तेरा असायला हव्या होत्या. त्या एका प्रश्नासाठी मी त्या सिस्टरचा ऋणी आहे. ताबडतोब गाडी करून यायला सांगितलं. पाऊस धो धो होता, रस्त्यावर झाड पडलेलं, दीड तासाच्या वाटेला अडीच तास लागले. ते अडीच तास मी वॉर्डाच्या दारात उभा होतो म्हटलं तरी चालेल.

काका पायी चालत आत आले. नाडी ८४, रक्तदाब १३० वर ८०. हिमोग्लोबिन घरी जाताना १०.४, आता १०.२. लगेच रक्तवाहिन्यांचा सीटी केला. बांधलेली धमनी शाबूत, कुठेही फुगा नाही, पाणी साठलेलं नाही. ड्रेनचं टोक भरत आलेल्या कोवळ्या मांसावर घासत होतं, लाली तिथली. पायांची डॉपलर तपासणीही स्वच्छ निघाली. सलग चार दिवस औषध बुडूनही गुठळी झाली नाही, हे आमचं नशीब. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

ड्रेन तीन सेंटिमीटर मागे ओढला. चोवीस तास पाहिलं, पाणी निवळलं, आणि सतराव्या दिवशी संध्याकाळी एनॉक्सापॅरिन पुन्हा सुरू केलं. अठराव्या दिवशी ड्रेनमधलं अमायलेज २४०, पाणी दहा मिलिलिटर. एकोणिसाव्या दिवशी ड्रेन काढला. पुन्हा भरती करावं लागल्यामुळे याला त्रासदायक गळतीतच मोजावं, असं माझे एक सहकारी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

या वेळी सुनेलाच शिकवलं, सावकाश, मोसंबीवर. बेंबीपासून चार बोटं सोडून पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, चिमटी शेवटपर्यंत सोडायची नाही. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा बाहेर काढायचा नाही, तो तसाच हवा. टोचल्यावर चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं होतं. तिसऱ्या मोसंबीला तिचा हात स्थिर झाला. बाकीची बारा इंजेक्शनं तिने दिली.

आम्ही नंतर एक पान मराठीत आणि कोकणीत छापून घेतलं. त्यात 'रक्त पातळ करण्याचं' हे शब्द काढले आणि 'पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून' असं लिहिलं. त्याखाली ठळक अक्षरांत: ड्रेन लाल झाला, काळी शौच झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर इंजेक्शन थांबवा आणि त्याच तासाला फोन करा. नंबर वॉर्डातला, रात्रीही उचलला जाणारा. चौकशीचा फोन आता घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी जातो, आणि सिरिंज मोजून घेतल्याशिवाय तो ठेवत नाहीत.

कॅप्सूल

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. स्वादुपिंडाचा मोठा भाग गेल्यावर पाचक रस अपुरा पडतो, जेवलेलं तेल-खोबरं पचत नाही, शौच चिकट होते आणि वजन उतरत जातं. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल, जेवणाबरोबर २५ हजार युनिटची एक. काका त्या जेवण झाल्यावर, बडीशेपेसारख्या, घ्यायचे. चार किलो वजन गेल्यावर हे लक्षात आलं. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची, म्हणजे ती अन्नात मिसळते.

ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात हेही मी सांगितलं, आणि एनॉक्सापॅरिनसुद्धा डुकराच्या आतड्यापासून येतं हेही. इंजेक्शनबद्दल हे आधीच सांगायला हवं होतं. काका सोमवार पाळणारे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "वखद तें वखद, दोतोर." औषध ते औषध. सगळे असं म्हणणार नाहीत, म्हणून विचारायचं असतं.

गाठीचा अहवाल आला: त्या मुखाचाच कर्करोग, कडा स्वच्छ, एका लसीकाग्रंथीत पेशी. केमोथेरपी सुरू झाली. चतुर्थीच्या आधल्या आठवड्यात ते दुसऱ्या सायकलसाठी आले, तेव्हा वजन दीड किलो वाढलं होतं. घरी घुमट आरतीला बसणार होते, वाजवायला नाही, नुसते ऐकायला. जाताना सुनेने विचारलं, नेवऱ्या खाल्ल्या तर कॅप्सूल लागेल का. लागेल, मी म्हटलं. तळलेलं आणि खोबऱ्याचं, म्हणजे दहा हजारांची एक, पहिल्या घासाबरोबर. तिने ते पिशवीतल्या वहीत लिहून घेतलं.